सुईचे नाक, सुईचा डोळा

गेल्या मे महिन्यात माझी पुतणी बारावीच्या सुट्टीतल्या क्लासहून भर दुपारी घरी आली, दप्तर कॉटवर टाकून पंख्याखाली उभी राहिली आणि म्हणाली, "आत्ती, ह्या शेक्सपिअरला एकदा आपल्या वरच्या खोलीत दुपारी दोनला बसवायला पाहिजे." आमचे घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत आहे, वरच्या मजल्यावर पत्र्याचे छप्पर आहे आणि त्या दिवशी बाहेर पारा 38 च्या आसपास होता, त्या खोलीत दुपारी दोनला बसण्याची शिक्षा आमच्या घरात अजून कोणाला झालेली नाही. शेक्सपिअरचा गुन्हा असा, की 1609 साली छापल्या गेलेल्या त्याच्या सुनीतांपैकी 18 व्या सुनीताच्या पहिल्याच ओळीत तो आपल्या प्रिय व्यक्तीला विचारतो: तुझी तुलना मी उन्हाळ्याच्या दिवसाशी करू का? क्लासच्या सरावपत्रिकेत ही ओळ देऊन तिच्यातला अलंकार ओळखायला सांगितले होते. "मी सिमिली लिहून आलो," ती म्हणाली. (कोल्हापूरच्या मुली 'आलो', 'गेलो' असेच बोलतात. लिहिताना मी 'आले' लिहीत असले, तरी घरात मीही 'आलो'च म्हणतो.) "तर सरांनी काट मारली. म्हणाले, प्रश्नचिन्ह दिसत नाही का, हा इंटरॉगेशन, प्रश्नाचा अलंकार."

सरांचे उत्तर चूक नव्हते आणि तिचेही अगदीच चूक नव्हते, पण दोघांच्याही उत्तरांचा कवितेशी फारसा संबंध नव्हता. 'लाइक' किंवा 'ॲज' दिसले की सिमिली, हा नियम मुलांना पाठ असतो, जसा आम्हाला शाळेत 'सम, समान, सारखा, वाणी, परी' आले की उपमा आणि 'जणू, गमे, वाटे, भासे' आले की उत्प्रेक्षा हा नियम पाठ होता. इंग्रजीत या दोन्हींना मिळून एकच सिमिली पुरते. 'सारखा' आणि 'जणू' यांच्यातला फरक, म्हणजे साम्य सांगणे आणि ती वस्तू हीच असावी अशी कल्पना करणे यांतला फरक, मराठीने वेगळे नाव देऊन जपला आहे. नियमाची अडचण अशी, की तो डोळ्यांना शब्द शोधायला लावतो आणि तुलना शोधायचे राहून जाते. 'मला आंबे आवडतात' या इंग्रजी वाक्यातही 'लाइक' असते, 'पोहोचताक्षणी' म्हणायचे तर 'ॲज' दोनदा येते, आणि 'तो बापासारखा दिसतो' या वाक्यात 'सारखा' असूनही कुठल्याही भाषेत अलंकार नसतो, कारण तिथे माणसाची माणसाशी खरीखुरी तुलना आहे. 'तो बाप नव्हे, वळू आहे' म्हटले, तर मात्र काहीतरी घडले.

मला तिच्या उत्तरापेक्षा तिची तक्रार मोलाची वाटली. उन्हाळ्याच्या दिवसाशी तुलना केल्यावर एखाद्याने खूश का व्हावे, हा प्रश्न तिला पडला होता, आणि इंग्रजीतल्या उपमा वाचताना पहिला प्रश्न तोच पडायला हवा. आपल्याकडे दिवस लहानमोठा होतो तो 11 आणि 13 तासांच्या आसपास. डिसेंबरात सहाला अंधारले एवढेच त्याचे कौतुक. लंडनला जूनमधला दिवस 16 तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरातला 8 तासांचाही भरत नाही. ज्या माणसाने दुपारी चारला दिवे लावून हिवाळा काढला आहे, त्याच्या तोंडी 'उन्हाळ्याचा दिवस' हे शब्द आपल्या तोंडी 'श्रावणातली सर' यावी तसे येतात. म्हणजे उपमान, ज्याच्याशी तुलना करायची ते, तेच, सूर्यही तोच, पण त्यातून उचललेला गुण वेगळा. आपण उन्हाळ्यातून दाह उचलतो, त्याने उजेड उचलला.

तिला मी पुढच्या ओळी वाचायला सांगितल्या आणि गंमत तिथेच सुरू झाली. कवी प्रश्न विचारतो आणि लगेच स्वतःच म्हणतो, की तू त्याहून सुंदर आणि त्याहून सौम्य आहेस. मे महिन्यातल्या लाडक्या कळ्यांना वारे झोडपून काढतात, कधी आकाशाचा डोळा फार तापतो, कधी त्याची सोनेरी कांती झाकोळून जाते, आणि उन्हाळ्याचा भाडेपट्टा तर फारच थोड्या मुदतीचा असतो. भाडेपट्टा हा शब्द वाचून पुतणी थबकली. तिच्या आजोळी कागलकडे दुसऱ्याची जमीन खंडाने करणारी माणसे तिने पाहिली आहेत. मुदत संपली की उभ्या बांधावरून निघून जावे लागते, हे तिला कोणी समजावून सांगावे लागत नाही. "म्हणजे उन्हाळा कूळ आहे?" तिने विचारले. मी म्हटले, कूळ आहे आणि कागद अपुऱ्या मुदतीचा आहे. एका शब्दात कवीने ऋतूला माणूस केले, काळाला जमीनमालक केले आणि सौंदर्याची मुदत कागदावर आणली, आणि त्यात 'लाइक' नाही की 'ॲज' नाही.

राहिला अलंकाराच्या नावाचा प्रश्न. उपमेय, म्हणजे ज्याची तुलना करायची ते, उपमानाहून सरस ठरते तेव्हा आपल्याकडे त्याला व्यतिरेक म्हणतात. अमृताहून गोड म्हटले की व्यतिरेक. ही कविता उपमा द्यायला निघते, उपमान तपासून पाहते, त्यात खोट काढते आणि बाजूला ठेवते. पुतणीने वहीत मराठीत 'व्यतिरेक' लिहिले आणि हे परीक्षेत चालेल का, असे विचारले. चालणार नाही, असे मी प्रामाणिकपणे सांगितले.

इंग्रजी टीकेत उपमेय आणि उपमान यांना 'टेनर' आणि 'व्हेइकल' ही नावे आय. ए. रिचर्ड्स यांनी 1936 साली दिली. तोवर इंग्रजीत या दोन बाजूंना सर्वमान्य अशी वेगळी नावे नव्हती, हे मला एम. ए.ला असताना कळले तेव्हा आश्चर्य वाटले होते, कारण सातवीच्या मराठी व्याकरणात आम्ही उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द अशी चार अंगे घोकली होती, आणि ती घोकंपट्टी हजार वर्षांहून जुन्या शास्त्रातून आलेली होती. संस्कृत काव्यशास्त्रकार दंडीने काव्यादर्शात नुसत्या उपमेचेच तीसहून अधिक प्रकार सांगितले आहेत. पण रिचर्ड्स यांचा 'व्हेइकल' हा शब्द मला आवडतो, कारण मेटाफर या शब्दाच्या मुळाशी वाहून नेणेच आहे; ग्रीकमध्ये 'मेटाफोरा' म्हणजे इकडून तिकडे नेणे, आणि आजही ग्रीसमध्ये सामान हलवणाऱ्या गाड्यांवर हाच शब्द लिहिलेला असतो. बिऱ्हाड हलवणाऱ्या टेम्पोच्या पाठीवर 'रूपक' लिहिले आहे, अशी कल्पना करून पाहावी. आपल्या शब्दाची घडण वेगळी आहे. उपमा म्हणजे 'उप' आणि 'मा', जवळ नेऊन मोजणे. ग्रीकांनी अर्थ वाहून नेला आणि आपण तो जवळ नेऊन मापला. (न्याहारीच्या उपम्याचा या सगळ्याशी संबंध नाही. आमच्याकडे त्याला उप्पीट म्हणतात, त्यामुळे घोटाळाही होत नाही.)

चार अंगांतले जे अंग परभाषेत सर्वांत जास्त दगा देते, ते साधारण धर्माचे, म्हणजे दोघांतल्या समान गुणाचे. 'घुबडासारखा' एवढेच इंग्रजीत लिहिले, तर वाचणारा शहाणपण समजतो, आणि मराठीत तेवढेच लिहिले तर भांडण होते. पक्षी एकच आहे, पण कोणत्या गुणासाठी त्याला बोलावले आहे हे बोलणाऱ्यांनी आपसात आधीच ठरवून टाकलेले असते, आणि तो ठराव शब्दकोशात सहसा नोंदलेला नसतो.

आणि जिथे साम्यवाचक शब्दही नाही, तिथे तुलना आहे हेच कसे ओळखायचे? यावर मम्मट या काव्यशास्त्रकाराने अकराव्या शतकात काव्यप्रकाशात जे सांगून ठेवले आहे, त्याहून सोयीचे काही मला इंग्रजीच्या पुस्तकांत सापडलेले नाही. शब्दाचा सरळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचा जुन्याशी काही संबंध असला पाहिजे, आणि तसे बोलण्याला रूढी किंवा काही हेतू असला पाहिजे. त्याचे शास्त्रातले उदाहरण गंगेवरच्या गवळीवाड्याचे आहे: प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून अर्थ अडतो, आणि आपण काठ समजतो. कोल्हापुरात हे समजायला गंगेपर्यंत जावे लागत नाही. 'आजोबांना पंचगंगेवर नेले' या वाक्यात कोणी आजोबांना नदीवर फिरायला नेल्याचे समजत नाही. ऐकणारा क्षणभर थांबतो आणि मग हात जोडतो. इंग्रजी वाचतानाही अर्थ कुठे अडला, तेवढे पाहावे. जिथे अडखळायला होते, तिथे आपले इंग्रजी कच्चे आहे असे वाटून मुले पुढे पळतात, आणि नेमकी तिथेच थांबण्याची जागा असते.

मी स्वतः हे वर्गात शिकले नाही. एम. ए. झाल्यावर मी एका फौंड्रीच्या ऑफिसात परदेशी पत्रव्यवहाराला लागले आणि तिथे 26 वर्षे काढली. कोल्हापूरचे नाव बाहेर चप्पल, गूळ आणि रश्श्यासाठी घेतले जाते, पण उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगाव इथल्या फौंड्र्यांतून किती लोखंड ओतले जाते, हे बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. 1994 च्या सुमारास अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाचा फॅक्स आला, की तुमच्या मालाचा 'बॉलपार्क फिगर' कळवा. माझ्याकडचा शब्दकोश जुना आणि ब्रिटिश वळणाचा; त्यात हा शब्द नव्हता. मी दोन दिवस विचार करून उत्तर लिहिले, की आम्ही बॉल बेअरिंगचे हाउसिंग बनवतो, बॉलपार्क बनवत नाही, तरी कृपया ड्रॉइंग पाठवावे. त्याने ड्रॉइंग पाठवले नाही. 'अंदाजे भाव सांगा' असे सरळ इंग्रजीत लिहून पाठवले. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचे मैदान, आणि आकडा त्या मैदानाच्या आत कुठेतरी असला म्हणजे झाले, हे मला बऱ्याच वर्षांनी उमगले. खासबागचे कुस्तीचे मैदान ज्याने पाहिले आहे, त्याला ही कल्पना अवघड नाही. अवघड होते ते असे, की अमेरिकन माणूस भाव ठरवताना मैदानात जाऊन उभा राहतो, हे मला कोणी सांगितले नव्हते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर होता. एक इंग्रज इंजिनियर माल तपासायला आला होता आणि आमच्या मिस्त्रींनी त्याला सांगितले, की नवे कास्टिंग उद्या सकाळी टेबलावर मिळेल. त्याने हसून विचारले, 'आर यू पुलिंग माय लेग?' मी दुभाषी. नुकतीच कामाला लागलेली आणि शब्दाला शब्द ठेवण्याचा अभिमान असलेली. मी मिस्त्रींना सांगितले, की तुम्ही माझे पाय ओढताय का, असे साहेब विचारत आहेत. इंग्रजीत पाय ओढणे म्हणजे थट्टा करणे; मराठीत पाय ओढणे म्हणजे चढणाऱ्याला खाली खेचणे. मिस्त्रींचा चेहरा तापला. "आमी कुणाचं पाय वडत न्हाई, सांगा त्येला," एवढे बोलून ते निघून गेले, आणि रात्रभर भट्टीजवळ थांबून त्यांनी सकाळी सातला कास्टिंग टेबलावर ठेवले. इंजिनियरला त्यांची निष्ठा फार भावली. त्या निष्ठेमागे माझे भाषांतर होते, हे मी दोघांनाही आजवर सांगितलेले नाही.

त्या फौंड्रीच्या अंगणातच मला इंग्रजीतले माझे सर्वांत आवडते रूपक भेटले. भट्टीत टाकण्यासाठी कच्च्या लोखंडाच्या लाद्या येतात, त्यांना सगळे 'पिग' म्हणतात. 'पिग किती टन आले', 'पिग महागले' असे दिवसभर चालते. पिग म्हणजे डुक्कर, हे माहीत असूनही त्याचा विचार कोणी करत नाही, आणि मीही दहाएक वर्षे केला नाही. मग एका जुन्या तांत्रिक पुस्तकात वाचले, की पूर्वी भट्टीतून वाहणारे लोखंड वाळूत केलेल्या एका लांब पाटात सोडत आणि त्या पाटाला दोन्ही-तिन्हीकडून जोडलेल्या लहान लहान खळग्यांत ते भरत असे. वरून पाहिले, की डुकरीण आडवी पडली आहे आणि तिला ओळीने पिल्ले लुचत आहेत, असे दिसे. मधल्या पाटाला डुकरीण आणि बाजूच्या लाद्यांना पिल्ले, अशी नावे कोणा कवीने नव्हे, घामाने निथळणाऱ्या कामगारांनी दिली. ज्याने हे पहिल्यांदा म्हटले असेल, त्याच्या घरामागे डुकरे असणार. ऊसकऱ्यांच्या मुलखात हा शोध लागला असता, तर आपण त्या पाटाला सरळ पाट म्हटले असते आणि लाद्यांना वाफे. पुढे मी नव्या कारकुनांना हे सांगत असे, आणि दुसऱ्या दिवशी हमखास कोणीतरी पिगच्या चळतीसमोर जरा वेळ उभा राहिलेला दिसे.

तेव्हापासून मला वस्तूंच्या अवयवांचा नाद लागला. इंग्रजीत सुईला डोळा असतो आणि मराठीत सुईला नाक असते; भोक तेच, दोरा तोच, पण एकाला तिथे पाहणे दिसले आणि दुसऱ्याला टोचून घेतलेली नाकपुडी. घड्याळाला इंग्रजीत हात असतात, आपल्याकडे काटे. त्यांच्या बुटाला जीभ असते, आपल्या कोल्हापुरी चपलेला कान असतात, शिवाय वेणी असते आणि वर गोंडा. पायात घालायच्या वस्तूला वेणी-गोंडा घालून नटवणारा कारागीर मला भाषेचाही कारागीर वाटतो. उसाच्या पेऱ्याला डोळा असतो आणि लावणीला 'एक डोळ्याची की दोन डोळ्यांची टिपरी' असे विचारतात. बटाट्याला मात्र दोन्ही भाषांत डोळेच आहेत. नदीला दोन्हीकडे मुख आहे, डोंगराला दोन्हीकडे पाय आहे आणि माथा आहे, पण डोंगराला सोंड आहे ती आपल्याकडेच, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे हत्ती नव्हता. जिथे दोन्ही भाषा एकाच अवयवाशी येतात, तिथे माणसाचे शरीर बोलते, आणि जिथे वेगळ्या होतात तिथे गाव बोलते, असे मी एके काळी ठामपणे म्हणत असे. आता तेवढ्या ठामपणे म्हणत नाही.

ठामपणा गेला तो उबेमुळे. इंग्रजीत स्वागत उबदार असते, हृदय उबदार असते, आणि नको असलेल्या माणसाला थंड खांदा दाखवला जातो. थंड देशातले लोक, त्यांना ऊब प्रिय. आपल्याकडे डोळे निवतात, कान निवतात, जीव गार होतो, आशीर्वाद देताना म्हातारी 'थंडगार राहा' म्हणते. उन्हाच्या देशातले लोक, त्यांना गारवा प्रिय. हे इतके सुबक जुळते, की भाषणात सांगितले तर टाळी मिळते, आणि मी ती घेतलेलीही आहे. पण मग 'मायेची ऊब' कुठून आली? गोधडी, आईची कूस आणि कोंबडीची पिल्ले यांच्या जवळची ऊब आपल्यालाही हवीच असते, हवामान काहीही असो. आणि उलट, डोके थंड ठेवायला इंग्रजांनाही आवडतेच. म्हणजे हवामान हे एक कारण, एकुलते नव्हे. अलीकडे सभेला 'थंडा प्रतिसाद' मिळतो, तो मात्र मला तरी इंग्रजीतूनच आलेला वाटतो, कारण आपल्या रखरखीत एप्रिलमध्ये थंड काही मिळाले, तर तक्रार कोण करेल?

रंगांचेही असेच. इंग्रजी कादंबरीत एखाद्याला पिवळा म्हटले, तर तो भित्रा आहे असे समजायचे. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने डोक्यापासून पायापर्यंत पिवळा झालेला माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला हे वाचताना दोनदा थांबावे लागते. मत्सराने ते हिरवे होतात. आपल्याकडे मत्सराने माणूस जळतो, अंगाचा तिळपापड होतो, आणि हिरवट म्हातारा हा वेगळ्याच कारणासाठी हिरवट असतो. पण इंग्रजीला फार हसू नये, एवढ्यासाठी मी पुतणीला निवडणुकीच्या दिवसांतले वर्तमानपत्र दाखवले. 'गुलाल कोणाचा?' असा ठळक मथळा होता, आणि खाली दोघांनी शड्डू ठोकल्याची व एकाने दुसऱ्याला अस्मान दाखवण्याची भाषा केल्याची बातमी होती. शेक्सपिअरच्या गावच्या एखाद्या मुलाला ही बातमी शब्दकोश घेऊन वाचायला दिली, तर त्याला वाटेल, की लाल भुकटीच्या मालकीवरून दोन पुढारी मांड्या थोपटत आकाशाकडे बोट दाखवत आहेत. जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने माखलेला चैत्र त्याला पाहायला मिळाला नाही, विजयी मिरवणूक दिसली नाही आणि तालमीच्या मातीत पाठ टेकल्यावर वर खरोखर आभाळच दिसते, हे त्याला कोणी सांगितले नाही. त्यांच्या बातम्यांतही पुढारी दोऱ्यांना टेकतात आणि टॉवेल टाकतात, कारण ते मुष्टियुद्धाच्या रिंगणात आहेत. आणि तोच दोर 'नो द रोप्स' मध्ये आला, की तो जहाजाचा दोर असतो आणि माणूस कामात मुरलेला असतो. दोर एकच, पण एकाला टेकला तो हरत आलेला, आणि दुसरा ज्याला कळला तो तरबेज. समुद्र पाहायला ज्यांना घाट उतरून कोकणात जावे लागते, त्या आपल्याला हा फरक कानाने कळत नाही. बातमीतला माणूस उभा कुठे आहे, हे डोळ्यांपुढे आणावे लागते.

हे सगळे बोलता बोलता पाच वाजले होते. दुपारभर तापून पिंगट झालेल्या आभाळाचा रंग पश्चिमेकडे, पन्हाळ्याच्या बाजूने, बदलत होता आणि वाऱ्याने समोरच्या गच्चीवरचे वाळवण उडवायला सुरुवात केली होती. मेमध्ये कोल्हापुरात येणारा हा वळीव शेक्सपिअरने पाहिला असता, तर त्या मे महिन्यातल्या कळ्यांच्या ओळीत त्याला निदान एक विशेषण तरी बदलावे लागले असते, असे मी म्हणाले. पुतणी म्हणाली, की पण संध्याकाळी सहाचा, वळीव पडून गेल्यानंतरचा कोल्हापूरचा उन्हाळ्याचा दिवस असेल, मातीचा वास सुटलेला असेल आणि रंकाळ्यावर गेलो असू, तर त्याच्याशी तुलना केलेली आपल्याला चालेल. मी तिला म्हटले, की हे उत्तर सरावपत्रिकेत लिहिले असतेस, तर मी तुला पूर्ण गुण दिले असते. ती म्हणाली, "तू पेपर तपासत नाहीस ना पण."

पाऊस आला तो एकदम आला. पत्र्यावर असा आवाज, की शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येईना. ती दारात उभी राहून ओरडली, "इंग्रज ह्याला कुत्री-मांजरं पडतात म्हणतात! काय पण उपमा!" मी विचारले, आपण काय म्हणतो? "मुसळधार." मुसळ म्हणजे काय? तिने आधी माझ्याकडे आणि मग आतल्या खोलीकडे पाहिले. शब्द तिने जन्मभर वापरला होता, पण त्यात मुसळ आहे, हे तिच्या लक्षात त्या घटकेपर्यंत आलेले नव्हते. आमच्या आईच्या वेळचे मुसळ माळ्यावर जुन्या पाटांच्या मागे होते. खालच्या टोकाची लोखंडी वसवी गंजलेली, मधला भाग हाताने धरून धरून गुळगुळीत झालेला. स्टुलावर चढून तिने ते ओढून काढले, पदर नव्हता म्हणून ओढणीने पुसले आणि तशीच सोप्याच्या कडेला घेऊन गेली.

पावसाच्या धारा काही मुसळाएवढ्या नव्हत्या. बोटभरही जाड नव्हत्या. तिने मुसळ उभे धरले, एक डोळा मिटून पावसाशी ताडून पाहिले आणि जरा निराश होऊन म्हणाली, की ही तर अतिशयोक्ती झाली. मग तिची नजर कोपऱ्यावर गेली, जिथे दोन्ही पाख्यांचे पाणी एकत्र होऊन पन्हळीतून खाली फरशीवर पडत होते. ती भिजत तिथपर्यंत गेली आणि पन्हळीच्या तोंडाखाली पडणाऱ्या त्या धारेला लागून तिने मुसळ उभे केले.

"आत्ती," ती तिकडूनच ओरडली, "हे बरोब्बर तेवढंच आहे की गं!"